शैलाकाकीच्या घरातली धूळ

जुन्या लॅपटॉपच्या कळांमध्ये अजून खाणीची तांबडी धूळ आहे. कंपनीच्या अहवालात ती नव्हतीच. म्हणून कॉलेजात असताना खाणीच्या जनसुनावणीसाठी मी आमच्या गावावर, मुळगाववर, संगणकावरचा शब्दांचा खेळ लिहिला; खेळणाऱ्यानं आज्ञा टाइप करायची आणि पडद्यावर ओळ यायची. 'धूळ' हे फंक्शन एकदाच लिहिलं; खेळणारा कुठल्याही घरात शिरला की ते चालायचं आणि ओळ यायची: सगळीकडे धूळ बसली आहे.

शेजारची शैलाकाकी खेळता खेळता खेळातल्या स्वतःच्या घरात आली आणि दुखावली.

"माजें घर अशें दाखयतलो लोकांक? हांव सकाळ-सांज झाडटां रे."

"खरं तेच दाखवायचं, काकी."

"मगे झाडप खरें न्हय? तेंय घाल."

मी 'झाड' ही आज्ञा घातली. झाडलं की ओळ पुसली जायची, पुढच्या चालीला फंक्शन ती परत आणायचं.

सुनावणीत काकी पदर खोचून, सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर लॅपटॉपवर 'झाड', 'झाड' टाइप करत झाडतच राहिली. शेवटी साहेब वैतागले, "बाई, हे संपतं कधी?"

"तेंच तुमकां विचारूंक आयल्यां."