मागं ठेवलेल्या गोळ्या

अर्धा रस्ता सरला तेव्हा वन्संनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बूड टेकलं. बसने जाऊ म्हणून भावजय दवाखान्याच्या दारापासून मागे लागली होती; पण चालत घरी पोचून त्यांना भावाला दाखवायचं होतं, की मला काही झालेलं नाही. आता ओठ पांढरेफटक पडले होते.

"दमलात?"

"छे. चप्पल चावतेय."

"या चपलेला दात तरी उरलेत का, वन्सं?"

वन्सं हसल्या, पण हसायलाही श्वास पुरेना.

नवरा गेल्यापासून भावाच्या परसातल्या भट्टीवर पाव भाजून त्या स्वतःचं भागवत होत्या. आंबलेल्या कणकेचा एक गोळा उद्यासाठी काढून ठेवल्याशिवाय त्यांनी कधी पाव भट्टीत घातला नाही. हाताला वळणच ते. मलेरियाचा ताप उतरला तशा उरलेल्या गोळ्याही त्यांनी पुढच्या तापासाठी डब्यात टाकल्या. मग अंगातलं रक्त आटत चाललं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, पण कशाचाच गुण येईना. शेवटी भट्टीपाशीच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा तो डबा सापडला.

कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेच्या तपासणीचा अहवाल आज आला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "रक्ताच्या तांबड्या पेशी हाडातल्या या मज्जेत तयार होतात. तुमच्या वेड्यावाकड्या होतात, बाहेर पडायच्या आधीच मोडतात. मलेरियाचे जंतू अजून अंगात आहेत, ते मज्जेला धड काम करू देत नाहीत."

"वहिनी," वन्सं पायरीवरून म्हणाल्या, "पीठ आहे, भट्टी आहे, आणि पाव कच्चाच. असंच ना?"

"असंच."

"भट्टी पुन्हा धरेल?"

भावजयीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "धरेल म्हणाल्यात. गोळ्या पुऱ्या घेतल्या तर. नाहीतर रक्त चढवावं लागेल, आणि तेही किती पुरेल सांगता येत नाही."

वन्संनी कमरेचा रुमाल सोडला. गाठीत नव्या पाकिटातल्या दोन गोळ्या होत्या.

"हे कधी केलंत?"

"औषधाच्या खिडकीपाशीच. माझं मला कळलंसुद्धा नाही गं." त्यांनी गोळ्या आणि पाकीट भावजयीच्या ओंजळीत ठेवलं. हात थंडगार होता.

"हे तुझ्यापाशी असू दे. रोज समोर उभी राहून दे, आणि गिळल्यावर मला तोंड उघडायला लाव. मी थोरली म्हणून दटावेन, चिडेन. तेव्हा माझं ऐकू नकोस."