बिनखड्याची तुंबडी

करणी, उतारा, अंगात येणं यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं लिहून ती नगरला छापून घेणारा आणि करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर सदऱ्याखाली लपवून आणणारा मी माणूस आहे. वाचकांनी एवढं लक्षात ठेवून पुढे वाचावं.

मुक्काम आष्टी, निजाम इलाखा. गेल्या चैत्रातली भर दुपार. माझे चुलते, आमचे नाना, मुतखड्याने सहा दिवस तळमळत होते. लघवी थेंबथेंब, तीही रक्ताची. हुलग्याचा काढा पोटात ठरेना. नगरच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीचे धक्के ते सोसणार नाहीत, असं हकीमसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा काकूने तुंबडीवाल्या रामाला बोलावलं.

तुंबडी म्हणजे पोकळ शिंग. दुखऱ्या जागी ते टेकवून रामा तोंडाने ओढायचा आणि शेवटी तळहातावर खडा थुंकायचा. खडा आधीच गालात असतो, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर मी त्याला तोंड उघडायला लावलं आणि बोट घालून तो बाहेर काढला. साधा नदीतला खडा.

"आता लाव," मी म्हणालो.

तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "त्यो राहू द्या तोंडात, दादा. बिनखड्याची लावू नको म्हणून बापानं सांगितलंय."

"कावून?"

"ते न्हाई सांगितलं."

मी हसलो. नाना मात्र कण्हत म्हणाले, "वाद पुरे. लाव बे रामा."

त्याने डाव्या कुशीला तुंबडी लावली, ओढली. थुंकला ती नुसती थुंकी. मी जिंकल्यासारखा काकूकडे पाहत होतो — तोवर नाना उठून बसले. कळ गेली होती. संध्याकाळी लघवी मोकळी झाली, स्वच्छ. पुढे आठ दिवस आम्ही ती फडक्यातून गाळून पाहिली... खडा पडलाच नाही.

नवव्या दिवशी रामाला रक्ताची लघवी सुरू झाली. कळ डाव्या कुशीत. नाना रोज त्याच्या उशाशी जाऊन बसत. मी गाडी जुंपून नेली, तर त्याला उचलताच येईना. तिसऱ्या आठवड्यात तो गेला.

मुतखडा कुणालाही होतो; आमच्या कोरड्या मुलखात तर जास्तच. हे मी नानांना सांगतो. ते ऐकून घेतात.

रामाच्या बायकोने मला दोष दिला नाही. दिवसकार्य झाल्यावर दारात येऊन तिने इतकंच विचारलं, "तुमी लई शिकलेले, दादा. कशानं झालं हे?"