मोगऱ्याचं माप

"हे ऊन लागणं नाही. हिला प्री-एक्लॅम्प्सिया आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी मुलगी मयूरी अमरावतीच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर आडवी होती. सातवा महिना सरत आलेला. डोहाळजेवणासाठी मी केलेले मोगऱ्याचे दागिने तसेच अंगावर होते.

प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब फार वाढून मूत्रपिंड, यकृत यांच्यावर ताण येणं. वेळेत आवरलं नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खुणा मात्र आधीच माझ्यासमोर होत्या.

आमची फुलशेती आहे. असे दागिने मीच करतो. मयूरी अकोल्याहून माहेरी आली तेव्हाच तिच्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं. आठवड्याने, कार्यक्रमाच्या दिवशी, कंगन बांधायला गेलो तर टोकं जुळेनात. माझा हात थबकला. बाजूला माझी बहीण होती.

"दादा, माहेरचं तूप लागलं पोरीच्या अंगी!"

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो आणि दोन कळ्या वाढवून ओवल्या. हाताला कळलं होतं, मी ऐकलं नाही.

आदल्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात डोकं दुखलं की ऊनच लागलेलं असतं. बायकोने कैरीचं पन्हं दिलं, मी कूलर तिच्याकडे वळवला. चेहरा सुजला, तोही आम्ही उन्हावरच ढकलला.

झोपाळ्यावर बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "बाबा, डोळ्यापुढं चमकून राहिलं. बरगडीखाली बी लय दुखते."

"बस ना वं थोडी. ओटी तेवढी होऊ दे, मंग झोप."

हे मी बोललो, तिचा बाप.

"ओटी मंग भरजा," म्हणत ती उठली. "हे ऊन नाही, बाबा. असं झालं तं थांबू नको, असं अकोल्याच्या तपासणीत सांगतलं होतं मले. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

ओटी न भरता उठली म्हणून कुजबुज झाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. रक्तदाबाची औषधं, बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं. "प्रसूती हाच यावर खरा उपाय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण बाळाला दोन दिवस मिळाले तर बरं."

ते दोन दिवस मी आणि जावई बाकावर बसून होतो. एकदा आत बोलावलं तेव्हा मशीनवर बाळाचे ठोके ऐकू आले, विहिरीवरच्या इंजिनासारखे एकसारखे, न दमता. आईचं अंग एवढं बिघडलेलं आणि आत हे चालूच! मी हात जोडून उभा राहिलो. कोणाला जोडले ते सांगता येणार नाही.

मग सिझेरियन झालं. मुलगी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

"आम्ही उशीर केला का?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"केला. पण तुमच्या मुलीने आणखी होऊ दिला नाही."

आता कुणाच्या डोहाळजेवणाच्या दागिन्यांचं माप घ्यायला गेलो की मी विचारतो. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे चमकतं का? तोंडा-हातावर सूज? बरगडीखाली दुखणं? अंगावरून रक्त? बाळाची हालचाल कमी? यातलं काहीही असेल तर फुलं राहू द्या, आधी दवाखाना. फुलवाल्याने हे विचारलेलं काहींना आवडत नाही. न आवडू दे. आणि घरच्यांनो, ती सांगते तेव्हा तिला कारणं सांगत बसू नका.

मोगऱ्याचा बहर संपता संपता दोघी घरी आल्या. राहिलेली ओटी बायकोने तेव्हा भरली, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या मयूरीची. मी पुन्हा कंगन ओवलं. पहिल्याच मापाचा दोरा मनगटावर बरोबर बसला.

मग नातीचं मनगट मापलं. तीन कळ्या. त्याही मी परत परत मोजल्या.