शेजारी ठेवलेला मिक्सर

शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टची माणसं दरवर्षी आमचं डिलाईल रोडचं घर बघायला यायची. त्या सकाळी आई मिक्सर उचलून शेजारच्या काकूंकडे ठेवून यायची. तो मामाने दिलेला होता, पण हे कोणाकोणाला सांगत बसणार? नवा पडदा उतरायचा, जुना चढायचा. गरीब आम्ही होतोच, पण तेवढ्याने भागत नसे, तसं दिसावंही लागे. त्या पैशांवर मी इंजिनीअर झाले, मग धाकटा भाऊही शिकला, वडिलांची रात्रपाळीची वॉचमनकी सुटली. आईला मात्र दार वाजलं की आधी घरभर नजर फिरवायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

आता त्याच ट्रस्टसाठी मी लोकांची घरं बघत फिरते. रविवार त्यातच जातो. जिने चढून गुडघे दुखतात आणि ती मांडून ठेवलेली गरिबी बघून जीव कंटाळतो.

परवा लालबागला अशाच एका मुलीच्या घरी बसले होते. ओटा मसाल्याने पिवळा पडलेला, कोपऱ्यात तेवढा एक स्वच्छ गोल. तेवढ्यात शेजारून मिक्सरची घरघर सुरू झाली. मुलीच्या आईचा चेहरा पडला.

"असू दे हो ताई," मी म्हटलं. "आमचाही शेजारीच जायचा. मुलीचं काम झालं समजा. आणा तो घरी."

त्या ओशाळून हसल्या.

"आणते ना मॅडम, पण उद्या. आज संध्याकाळी दुसऱ्या ट्रस्टची माणसं यायचीत."