दोनदा धुतलेला शर्ट

आमच्या संघटनेच्या पत्रकातली एक ओळ खोटी होती आणि ती मीच लिहिली होती. ‘फौंड्रीचे तेलकट कपडेसुद्धा रिठ्याच्या पाण्यानं निघतात, आमच्या घरी निघालेत.’ जाड अक्षरात. खाली, नदी वाचवा, हात वाचवा.

नदी संघटनेची होती. हात माझ्या आईचे. वडील शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात आहेत. ते घरी येतात तेव्हा निळ्या शर्टात तेल, घाम आणि साच्याची बारीक काळी वाळू अशी मुरलेली असते, की शर्ट खुंटीला टांगला तरी भिंत काळी पडते. तो शर्ट आई धुते. बाजारची पावडर, वर साबणाची वडी, वर ब्रश. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा आहेत. मिरच्यांचा खरडा रगडताना भेगांना झोंबलं की ती मधेच हात झटकते, हे मी लहानपणापासून बघत आलोय आणि जेवत आलोय.

म्हणून रिठे आणले. बिया काढून कुटले, तर घरभर शिंका. रात्रभर भिजवले, सकाळी उकळले, आईच्या जुन्या साडीच्या फडक्यातून गाळून तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरले. हे सगळं मी केलं, असं गल्लीभर सांगितलं. चिकट पातेलं आईनं घासलं, ते सांगितलं नाही. फेस बघून वाटलं, आता कंपन्यांचं काही खरं नाही. आईला बजावलं, आजपासून घरात पावडर बंद.

आठवड्यानं दोरीवर वडिलांचा शर्ट वाळत होता. स्वच्छ. मी तो घडी घालून थेट सभेला नेला आणि वर धरून दाखवला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत सगळे कडक इस्त्रीचे पांढरे सदरे. त्यातल्या एकानं तरी आपला सदरा कधी धुतला असेल का? मी तरी कुठं धुतला होता?

पत्रकं छापून आली. गठ्ठा घेऊन भरदुपारी घरी आलो, तर आई परड्यात धुण्याच्या दगडाशी. मला बघून तिनं काहीतरी पायानं बादलीमागं सारलं. पावडरीची पिशवी. कॅन शेजारीच होता. मी विचारलं, हे काय? ती शर्ट पिळत म्हणाली, “तुज्या पाण्यानं तेल हलत न्हाय. आधी पावडरीनं काढती, मग तुज्या पाण्यात बुडवती.”

मग सांगितलं का नाहीस, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो.

“एवढ्या शिंका दिल्यास, तुजं मन कशाला मोडायचं? आन मग तू शर्ट घिऊन सभेला गेलतास की. तुजा कागद खोटा पडाय नको म्हणून धुतलं दोनदा.”

एका शर्टाला दोन धुणी. हात वाचवा म्हणणाऱ्या माझ्या चळवळीनं तिचं काम दुप्पट केलं होतं. भेगा आता लाल झाल्या होत्या, आणि मी त्या महिनाभर बघितल्याच नव्हत्या, कारण मी हातांवर लिहीत होतो.

तसाच संघटनेच्या कार्यालयात गेलो. आमच्या ज्येष्ठ दादांना म्हटलं, ती ओळ काढायची. ते म्हणाले, राहू दे, चळवळीत एवढं-तेवढं चालतं. पावडरीच्या पुड्यावर कंपनीनं खोटं छापलं की ती लुटारू, आपण छापलं की एवढं-तेवढं? पायरीवर बसलो आणि एकेका पत्रकावरची ओळ बॉलपेननं खोडली. दादा म्हणाले, गठ्ठा घाण दिसतोय. दिसू दे.

सोमवारी वडिलांना सुट्टी. आईला धुण्याच्या दगडावरून उठवून मी तिच्या जागी बसलो. अर्ध्या तासात पाठ गेली. वडील उंबऱ्यावर चहा घेत म्हणाले, “दमला व्हय पुढारी?” मी विचारलं, फौंड्रीत कपडे धुवायची सोय का नाही? त्यांना हसू आलं. मशिनी पुसायला माणूस आहे म्हणाले, आणि मग, “कपडे त्यांचे, धुणं आपलं.”

मला हसू आलं नाही. तेल फौंड्रीचं, वाळू फौंड्रीची, खिशावर नाव फौंड्रीचं. आणि ते सगळं निघतं कुणाच्या हातानं, तर जिला त्या गेटच्या आत कुणी ओळखतही नाही तिच्या. आणि मी इकडं रिठे मोजत बसलो होतो!

आता नवीन पत्रक लिहिलंय. मागणी एकच, गणवेश कंपनीनं धुवायचे. वडील म्हणतात, माझं नाव घालू नको. दादा म्हणतात, यात नदी कुठं आहे? स्वतःच्या खर्चानं छापणार आहे. तोवर शर्ट मी धुतोय, बाजारच्या पावडरीनं, एकदाच.

काल तव्यावर मिरच्या रगडायला बसलो आणि पहिल्याच फेऱ्याला हात झटकला. आईनं बघितलं. खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवली आणि तवा आपल्याकडं ओढायला लागली. मी तवा सोडला नाही.