स्टॉपरचा सत्कार

आमच्या फुटबॉल संघाचा मी सेक्रेटरी. नोकरी शाळेत क्लार्कची, त्यामुळे मैदानावरही सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात. सोलापुरात फुटबॉल खेळतात का, असं पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं की माझं डोकं फिरतं. खेळतात की! जिल्ह्याची लीग आहे, चार बऱ्या टीम आहेत आणि रेफ्रीशी भांडायला मी आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्यापुढे एकच प्रश्न होता. आमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला माणूस, पुढच्या हंगामाला ठेवायचा की नाही? आमच्याकडे खेळाडूची नोंदणी एका हंगामापुरती असते. मे संपला की तो मोकळा. मग ज्या संघाच्या फॉर्मवर सही करेल त्या संघाचा. यानं बारा वर्षं आमच्याच फॉर्मवर सही केली होती. वय पस्तीस, मूळचा कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीकडचा, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर कामाला. डावा गुडघा बांधून खेळायचा. पळायला कमी पडत होता हे खरं, पण चेंडू कुठं येणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. तो कानडीत 'बिडू', म्हणजे 'सोड', म्हणून ओरडला की गोलकीपर निमूट चेंडू सोडायचा. गोलकीपर तेलुगू घरातला, पण एवढं कानडी त्याला पक्कं येत होतं.

निर्णय तिघांनी घ्यायचा होता. एक मी, दुसरे आमचे कोच, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर, आणि तिसरे अध्यक्ष, ज्यांचं कापडाचं दुकान आहे. बैठक दुकानातच, गिऱ्हाईक आलं की थांबायची. सरांचं म्हणणं, गुडघा गेलाय, आता मानानं थांबवू या, पोरांना जागा मिळेल. शेवटच्या दोन मॅचला त्यांनी त्याला बाकावर बसवलंही होतं. त्या दोन्ही मॅच आम्ही हरलो, हे मी बोलून दाखवलं. सर चिडले, मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडलो. शेवटी अध्यक्षांनी साड्या गुंडाळता गुंडाळता माझ्या बाजूनं कौल दिला. आणखी एक वर्ष ठेवायचा. मी तिथंच काउंटरवर त्याचा फॉर्म भरला, सेक्रेटरी म्हणून सही केली, तारीख टाकली. राहिली फक्त त्याची सही.

ही गोष्ट त्याला कुणी सांगितली? कुणीच नाही. त्याला काय सांगायचं, तो घरचाच माणूस, असं मला वाटलं. सरांना वाटलं मी सांगेन.

मग अध्यक्षांच्या डोक्यात आलं, बारा वर्षं झाली, गड्याचा सत्कार करू. खूश होईल, पुढचं वर्षही जोरात खेळेल. चादर दुकानातली, नारळ मी आणला. रविवारी सकाळी प्रॅक्टिसनंतर सगळ्यांना गोल उभं केलं आणि भाषणाला मलाच पुढं ढकललं.

आता माझं सांगतो. शाळेत कुणी शिक्षक किंवा शिपाई निवृत्त झाला की निरोपाचं भाषण मी लिहितो. वीस वर्षं लिहितोय. मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. मला दुसरं भाषण येतच नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तोंड उघडलं आणि गाडी नेहमीच्या रुळावरून सुटली. प्रदीर्घ सेवा, निष्ठा, त्यांची उणीव आम्हाला सदैव भासेल, पुढील आयुष्य सुखाचे, समृद्धीचे व आरोग्याचे जावो. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर चादर घातली. तो सगळ्यांच्या पाया पडला, सरांच्यासुद्धा. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, गडी भारावला. भाषण जमलं म्हणून मीही जरा फुगलो, खोटं कशाला बोलू!

फॉर्म माझ्या खिशात होता. उप्पीट खाऊन झालं की सही घेऊ म्हटलं. पण उप्पीट वाढेपर्यंत तो निघून गेला. दुपारची पाळी असेल, असं मी धरून चाललो.

बुधवारी दुसऱ्या संघाच्या सेक्रेटरीचा फोन आला. चांगला माणूस आहे, कळवायचं म्हणून कळवलं. तुमच्या स्टॉपरनं काल आमच्याकडं सही केली, म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं संघानं सांभाळलं, आठवडा झाला नाही सत्काराला, आणि हा असा निघाला! शाळेतून अर्धी रजा टाकली, स्कूटर काढली आणि थेट त्याच्या खोलीवर गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं पाठ करत होतो.

तो घरीच होता. मला बघून उठून उभा राहिला. बायकोनं पाणी आणलं. मी पाण्याला हात न लावता सुरुवात केली. कृतघ्न हा शब्दसुद्धा वापरला. तो खाली बघून सगळं ऐकत राहिला. माझा दम संपला तेव्हा म्हणाला, "तुमीच निरोप दिलासा की, भाऊसाहेब. आमच्या कंपनीत चादर-नारळ दिला की माणूस दुसऱ्या दिवशी गेटात येत न्हाय."

मी म्हटलं, अरे, निरोप कसला, तो सत्कार होता. त्याला पटावं म्हणून फॉर्म काढून हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या वाचला. माझ्या सहीखालची तारीख बघितली. सत्काराच्या चार दिवस आधीची होती. एकदा बघून पुन्हा बघितली.

"म्हंजे ठेवणार हुता?"

मी मान हलवली. त्यानं फॉर्मची घडी घातली, माझ्याकडं परत दिला. त्यांना आता शब्द दिलाय, म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्याची बायको दाराशी उभी होती. तिनं मला सांगितलं, रविवारी मैदानावरून आले ते भिंतीकडं तोंड करून निजले, कामावर गेले नाहीत. इतक्या वर्षांत एक खाडा केला नव्हता. सोमवारी म्हणाले, मला अजून खेळायचंय, आणि ओळखीच्या माणसाला घेऊन त्या संघाला विचारायला गेले. तो संघ नाही म्हणेल याची त्यांना फार भीती होती, असं ती म्हणाली. तो तिला गप बस म्हणून हातानं खुणावत होता. ती गप बसली नाही.

माझ्या पाठांतरातलं आता काहीच उपयोगाचं नव्हतं. चुकलो, एवढं म्हटलं. मग वाटलं, सगळी चूक एकट्यानं का घ्यावी? तूही एकदा विचारायचं होतंस की, म्हणालो. बारा वर्षांची ओळख, मला एक फोन करायला काय झालं होतं?

तो पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलला. "त्यांना विचारलं, कारण ते परके हायती. न्हाय म्हनले असते तर घरी आलो असतो. तुमी न्हाय म्हनला असता तर कुटं गेलो असतो?"

मी पाणी प्यालो आणि पेला खाली ठेवला.