पैरा, भिंत आणि मुलाणी मॅडम

मुलाणी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते मेढ्याच्या बसस्टँडवर. अकरावीला नुकताच प्रवेश घेतला होता. इस्लामपूरहून आलेल्या मॅडम दोन खोकी उतरवत होत्या. "बघत काय उभा राहिलास? धर. आणि जपून, काच आहे!" असं त्यांनी दरडावलं. खोकी घेऊन मी मागोमाग चाललो, तो थेट आमच्याच वर्गात पोहोचलो. खोक्यांत परीक्षानळ्या होत्या. कॉलेजात पुरेशा नव्हत्या, म्हणून मॅडमनी स्वतः आणल्या होत्या.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या करारीपणाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे, कारण त्या चुकीमुळेच मी आज साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवतो.

सहसंयुज बंधाचा धडा चालला होता. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी भागीत वापरतात, इथं आमचं घोडं अडलं. जोडी भागीत, म्हणजे नक्की कुणाची? मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरातलं उदाहरण द्या." मी उठलो. "मॅडम, पैऱ्यागत म्हणा की! एक बैल आमचा, एक चुलत्यांचा. जोडी दोघांची." मॅडम खूश झाल्या. फळ्यावर क्लोरीनचा रेणू काढून मधल्या दोन ठिपक्यांना त्यांनी बैलच म्हटलं. वर्गात माझी कॉलर ताठ!

चाचणीत घात झाला. निम्म्या वर्गानं लिहिलं, 'जोडी आज एका अणूकडे, उद्या दुसऱ्याकडे.' आमच्याकडे पैरा असाच चालतो, आधी एकाचं रान नांगरायचं, मग दुसऱ्याचं; घेतलेली मदत फेडायची. मी तर वर 'भांडण झाल्यास बंध तुटतो' असंही ठोकून दिलं होतं. मिळालं शून्य.

मॅडम वर्गात सरळ म्हणाल्या, "चूक माझी आहे. उदाहरण मी तपासून घ्यायला हवं होतं." आम्हाला वाटलं, आता मार्क मिळणार. "मार्क मिळणार नाहीत. माझ्या चुकीनं अणू आपली रीत बदलत नाही."

घरी आबांनी पेपर पाहिला. आबा म्हणजे माझे वडील, लष्करातून निवृत्त झालेले. "बास झालं. सायन्स आपलं काम न्हाई. भरतीसाठी पळायला लाग." मला त्या परीक्षानळ्यांचा लळा लागला होता, पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळायला गेलो. माझं कॉलेज बंद झालं.

तिसऱ्या दिवशी मॅडम डोंगर चढून घरी आल्या. आबा नम्रपणे, पण ठामपणे म्हणाले, "आवं मॅडम, पोराला जमंना, तर कशाला वढायचं?"

"त्याला जमत नाही असं नाही. मला नीट सांगता आलं नाही," मॅडम म्हणाल्या. चहा पिताना त्यांची नजर वर गेली. आमच्या आणि चुलत्यांच्या घराच्या तुळया एकाच भिंतीवर टेकलेल्या होत्या.

"ही भिंत कुणाची?"

"दोघांचीबी."

"म्हणजे आज तुमची, उद्या त्यांची?"

आबा खो खो हसले. "आवं, पाळीनं वापरायला ती काय बैलजोडी हाय व्हय? कायम दोघांची. पाडली तर दोघांचंबी छप्पर खाली!"

मॅडमनी कप खाली ठेवला. "परत सांगा," म्हणाल्या, आणि माझ्याच शून्याच्या पेपरामागं ते वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आमच्या भिंतीपुढं उभा होता. शिकवत होत्या मॅडम, पण मिशीला पीळ देत होते आबा. पुढं महिनाभर ते गावात सांगत फिरले, "मॅडमला अडलेलं मी सोडवलं." भरतीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी आजही वर्गात आधी पैरा सांगतो, मुलांना चुकू देतो आणि मग भिंत सांगतो. हे मॅडमचंच शिक्षण. शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांना फोन केला होता. म्हणालो, "मॅडम, तुमचं हे कसं फेडू?"

पलीकडून फटकन उत्तर आलं, "फेडतात तो पैरा. तू अजून तिथंच चुकतोयस!"

तर मॅडम, फेडत नाही. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि चुकलं की असंच दरडावत राहा. आमची तुळई अजून तुमच्यावरच टेकलेली आहे.